रक्तगट : वरीलप्रमाणे

रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की जन्मभर कापडाला चिकटून बसतो. आधी थंड पाणी, मग सोडा, मग साबण, आणि गरम पाणी सगळ्यात शेवटी. आमच्या धुलाईत नवीन आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी नेमकं उलटं करायची, आणि प्रत्येकीला माझी थोरली वहिनी तेच ऐकवायची, "अगं, चादर धुतेस की उकडतेस? बटाटे आहेत का ते?"

ही धुलाई म्हणजे मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याचं लांबलचक छप्पर. दवाखान्याच्या मागच्या दारातून मळक्या कपड्यांचे गठ्ठे हातगाडीवर घालून आणायचं काम माझं, आणि ते सोडून निवडायचं काम वहिनीचं. माझा भाऊ गेल्यावर तिनं ही नोकरी धरली आणि पुढं सव्वीस वर्षं त्या टेबलापाशी उभी राहिली. सगळे तिला सोडावहिनी म्हणायचे. सोड्याच्या डब्याची किल्ली तिच्या कमरेला असायची म्हणून; जिभेचाही गुण तोच होता, पण ते तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

गठ्ठ्यांतून काय काय निघायचं ते सांगायला बसलो तर तुमचं जेवण राहून जाईल. अर्धी खाल्लेली केळी. सुया. कोणीतरी बूट पुसलेले टॉवेल, तेही मोठ्या साहेबांच्या खोलीतून आलेले. एकदा दातांची अख्खी कवळी निघाली. वहिनीनं ती कागदात गुंडाळून माझ्याकडे दिली आणि मी वॉर्डात नेऊन पोचवली. दुसऱ्या दिवशी कळलं की कोणाची ते ओळखू येईना, म्हणून तीन म्हाताऱ्यांनी ती आळीपाळीनं घालून पाहिली आणि चौथ्याला बसली. मी हसत हसत हे वहिनीला सांगितलं, तर तिनं हातातला डबा तसाच झाकून ठेवला. "मध्ये धुतली तरी का रे देवा कोणी?" एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

रक्ताची मात्र तिला कधी किळस आली नाही. रक्त, पू, उलटी, सगळं ती हातमोजे चढवून भाजी निवडावी तसं निवडायची. ती नाक मुरडायची ते माणसांना. त्यातही जी माणसं आपली घाण दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गुंडाळून पाठवतात त्यांना.

आता त्या मंगळवारचं सांगतो.

धुलाईत एक पोरगी नवीन लागली होती, घड्या घालायला. तिला आम्ही घडीवालीच म्हणायचो. मोठी चादर एकटीनं घडी करायची, एक कोपरा दातात धरून. वहिनी ओरडायची, "दातात नको गं धरूस, कुठल्या वॉर्डातून फिरून आलीय ती तुला माहीत आहे का?" पोरगी हसायची आणि वहिनीची पाठ वळली की पुन्हा दातात. तिला दिवस राहिले होते, हे सगळ्या धुलाईला माहीत होतं. चिंचेसारखं आंबट काही दिसलं की बाया तिच्यापुढे सरकवायच्या.

त्या मंगळवारी ती आली, पण दर दोन चादरींमागं स्टुलावर टेकायला लागली. वहिनीनं हातमोजे काढले.

"काय गं, चेहरा का असा पडलाय?"

"काही नाही, वहिनी."

"काही नाही तर टेकतेस कशाला?"

पोरीनं चादर छातीशी धरली. "गेलं ते."

"कधी?"

"परवा रक्त जायला लागलं. काल दवाखान्यात पिशवी साफ केली. अकरावा आठवडा होता."

"आणि आज तू इथं? कोणी पाठवलं?"

"सासूबाई म्हणाल्या, घरी रडत बसण्यापेक्षा कामात जीव रमेल."

"रमेल! मग स्वतः का नाही आल्या रमायला?" वहिनीनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं, आणि मग आवाज एकदम खाली आणला. "साफ किती वाजता केलं?"

"अकराला."

"नंतर सुई टोचली?"

"एक टोचली दंडात. धनुर्वाताची म्हणाले."

"ती नव्हे. कागद आहे जवळ?"

कागद होता, चार घड्या केलेला. वहिनी आणि मी दोघांनी वाचला. नाव, वय, पत्ता कामगार वसाहत. आणि खाली, रक्तगट : वरीलप्रमाणे.

कोणाच्या वरीलप्रमाणे? कागद एकट्या तिचा. हिच्या वर छापलेलं होतं ते फक्त दवाखान्याचं नाव. म्हणजे दवाखान्याचा जो रक्तगट, तोच हिचा! मला हसू फुटायला आलं होतं, पण वहिनीकडे बघितलं आणि ते घशातच राहिलं. तिनं तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला होता, उंदीर शेपटीला धरावा तसा.

ह्या शब्दाचं आणि आमच्या घराचं काय आहे ते आता सांगायलाच पाहिजे.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. आमचे गुरुजी शाईच्या बाबतीत फार कडक. एकच मजकूर दोनदा लिहिला की हातावर छडी. "खाली वरीलप्रमाणे लिही. शाई काय आकाशातून पडते?" म्हणायचे. माझं अक्षर मोत्यासारखं, घरात सातवी झालेला मी एकटा, म्हणून सगळ्यांचे अर्ज मीच भरायचो. वहिनीला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा दवाखान्याचा अर्जही मीच भरला. वर नवऱ्याची माहिती, खाली बायकोची. भावाला एकदा अपघातात रक्त दिलं होतं, त्याचा गट पाठ होता, तो लिहिला. मग वहिनीचा पत्ता : वरीलप्रमाणे. गाव : वरीलप्रमाणे. आणि त्याच झोकात, लेखणी न उचलता, रक्तगट : वरीलप्रमाणे. नवराबायकोचं घर एक, आडनाव एक, तर रक्तही एकच असणार असं मला खरंच वाटलं होतं की नुसता हात वाहवत गेला, हे मला आजही सांगता येत नाही.

ते मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. पिशवी साफ केली, घरी पाठवलं. दीड वर्षानं मुलगा झाला. पहिल्याच दिवशी हळदीसारखा पिवळा पडला. अंगातलं रक्त बदलायचा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा कुठं वहिनीचं रक्त तपासलं, तर निगेटिव्ह. डॉक्टर जुना कागद पुढे करून म्हणाले, "हे कोणी लिहिलं?" माझी पाचावर धारण बसली. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. वहिनीनं खाटेवरून हात लांब केला, कागद घेतला आणि वाचला. मग म्हणाली, "भावोजी, तुमचं अक्षर किती सुंदर आहे."

एवढंच. पुढं कधी त्याबद्दल एक शब्द नाही. आमची आई मात्र आल्यागेल्याला सांगत सुटली की हिचं रक्तच नासकं, त्यात बाळ कसं टिकणार. मी ते ऐकायचो आणि गप्प बसायचो. एवढी वर्षं इतकी घाण ओढली, पण त्या गप्प बसण्याइतकी घाण गोष्ट माझ्या हातून दुसरी झालेली नाही. वहिनीला पुन्हा मूल झालं नाही.

तर ती चिमटीतला कागद धरून म्हणाली, "भावोजी, काल अकरा. म्हणजे गुरुवारी अकरापर्यंत. गाडी इथंच ठेवा, चला."

"कपडे?"

"राहू देत मळके. पळून जाणार आहेत का?"

घडीवालीला मध्ये घेऊन आम्ही नोंदणीच्या खिडकीपाशी गेलो. खिडकीतला बाबू नखं कापत होता, आणि कापलेली नखं त्याच नोंदवहीवर पडत होती. वहिनीच्या नाकपुड्या तिथंच फुगल्या.

"आजी, रांगेत या."

"आजी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या आईच्या वयाची नाही मी. हा रक्तगट कुठून लिहिलास?"

त्यानं नखं फुंकरीनं उडवली, वही उलटली. "नोंदवहीतून."

"आणि नोंदवहीत कुठून आला?"

"वरच्या नोंदीतून."

वहीत सगळं उघडंच होतं. पानाच्या डोक्यावर एका बाईची नोंद होती, तिला स्वतःचा गट माहीत होता : बी पॉझिटिव्ह. तिच्या खाली बावीस बाया, आणि बावीस वेळा वरीलप्रमाणे. तीन आठवड्यांपूर्वी रक्त तपासणारा माणूस स्वतःच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर होता. रकाना रिकामा दिसला की मोठे साहेब ओरडायचे. ह्या पठ्ठ्यानं रकाना भरून टाकला!

"बहुतेक सगळ्यांचं पॉझिटिव्हच असतं हो," बाबू म्हणाला. "एखादीचं नसतं."

"त्या एखादीचं काय करायचं?"

"ती आली की बघू."

"आलीय," वहिनी म्हणाली, "आलीय आणि रिकामी होऊन परत चाललीय. वही मिट. त्यावर नखं कापलीस, आता निदान पुसून तरी मिट."

मी एक पाऊल मागं सरकलो. नखांनी नव्हे. त्याच्या अक्षरानं. तेही वळणदार होतं, माझ्यासारखंच.

तपासणीच्या खोलीला चारलाच कुलूप पडलं होतं. म्हणजे बुधवार. बुधवारी सकाळी पोरीच्या बोटाचं रक्त घेतलं. तोवर घरी खबर गेली होती, आणि सासू दवाखान्यात येऊन बाकावर ठाण मांडून बसली होती. पोरीचा नवरा भिंतीला टेकून हातातलं हेल्मेट गोल गोल फिरवत होता. ते हेल्मेट सोडून त्यानं दोन दिवसांत दुसरं काही केलेलं मला तरी दिसलं नाही.

तपासणीवाला बाहेर आला. "ओ निगेटिव्ह."

सासूनं मांडीवर हात मारला. "बघा! मी म्हणत नव्हते? रक्तातच खोट. आमच्या सात पिढ्यांत कोणाचं निगेटिव्ह नाही!"

"सात पिढ्यांचं तपासलं होतं का?" वहिनी म्हणाली. "की वरीलप्रमाणे?"

"तुम्ही कोण मध्ये बोलणाऱ्या?"

"तुमच्या सुनेच्या चादरी धुणारी. तुमच्याही धुतल्या असतील. हिच्यावर थुंकायचं तर आधी इकडं थुंका, मला सवय आहे."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, पण वाक्य नीट बोलणाऱ्या. त्या सासूपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "हिचं मूल रक्तगटामुळं गेलेलं नाही. इतक्या लवकर जाणारी मुलं बहुतेक वेळा मुळातच नीट रुजलेली नसतात. ते कोणाच्या चालण्यानं, खाण्यानं किंवा रक्तानं होत नाही. रक्तगटाचा धोका पुढच्याला आहे. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं आणि त्यातलं थोडं आईच्या अंगात गेलं, तर आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध फौज उभी करतं. ही फौज पुढच्या बाळावर चालून जाते. तीन दिवसांत सुई टोचली की फौज उभीच राहत नाही." मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमचा गट?"

हेल्मेट थांबलं. "माहीत नाही."

"आमचा पॉझिटिव्हच असणार," सासू म्हणाली.

"तो तपासत बसायला वेळ नाही. सुई देऊन टाकू."

सुई मात्र दवाखान्यात नव्हती. संपली होती; मागणीचा कागद सहीसाठी वर गेला होता आणि सही करणारा बैठकीत होता. बैठकीत मला आत कोणी सोडेना. दाराच्या काचेतून दिसत होतं, सहा माणसं बिस्किटं खात होती आणि एकजण फळ्यावर स्वच्छतेबद्दल काहीतरी लिहीत होता. मी तिथून फिरलो. गावातली औषधाची दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला, "उद्या संध्याकाळी मागवून देतो." दुसरा म्हणाला, "कशाला हवी? हल्ली कोणी घेत नाही." असं छातीठोक सांगणाऱ्याच्या मागं फळीवर केस वाढवायच्या तेलाच्या चाळीस बाटल्या, आणि त्याच्या डोक्यावर एक केस नाही! पाचव्या दुकानात एक बाई होती, तिनं फोन फिरवला, आणि सुई गुरुवारी सकाळी नऊला बर्फाच्या डब्यातून आली. तो डबा मी हातगाडीवर चादरीत गुंडाळून नेला. स्वच्छ चादरीत, वहिनीनं स्वतः काढून दिलेल्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी घडीवालीला सुई टोचली. चाळीस मिनिटं शिल्लक. पोरगी म्हणाली, "आई गं," आणि मग तीन दिवसांत पहिल्यांदा रडली. वहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि बघत होती माझ्याकडे.

"आता त्या बाकीच्या, भावोजी."

मला वाटलं होतं, झालं, गंगेत घोडं न्हालं. पण वहिनीला ते पान डोळ्यांपुढून जाईना. डॉक्टरीणबाई तिच्या बाजूच्या होत्या. त्यांनी बाबूला वही घेऊन बसवलं आणि मला पत्रं लिहायला बसवलं. बाकीच्या एकवीसजणी. बहुतेक अजून पोटुशीच होत्या, त्या येऊन रक्त देऊन गेल्या, आणि सगळ्या पॉझिटिव्ह निघाल्या. दर वेळी बाबू विजयी मुद्रेनं मान हलवायचा, जणू त्यानंच त्यांचं रक्त तयार केलं होतं. "म्हटलं नव्हतं?" विसाव्या बाईपर्यंत तो इतका खूश झाला की शिट्टी वाजवायला लागला.

एकविसावी आली. चष्म्याच्या दुकानात काम करायची, स्वतः जाड भिंगांची. ती म्हणाली, "माझं तर बारा दिवसांपूर्वीच गेलं. इथंच साफ केलं. मग आता कशाला बोलावलंत?"

तिचं रक्त निगेटिव्ह निघालं.

शिट्टी थांबली. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिला समोर बसवून म्हणाल्या की सुईची वेळ टळून गेली आहे. फौज उभी राहिलीच असेल असं नाही, पुष्कळजणींत राहत नाही. सहा महिन्यांनी तपासून कळेल, तोवर दिवस राहू देऊ नका. बाईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, "म्हणजे चूक माझी झाली का काही?"

बाबू खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला ओळखत होतो. भिंतीकडे बघणारा माणूस कसा उभा राहतो, ते मला ठाऊक आहे.

"बाई," मी म्हणालो, "तुमची नाही. ह्यानं न तपासता लिहिलं. तीस वर्षांपूर्वी मीही असंच लिहिलं होतं, ह्या माझ्या वहिनीच्या कागदावर. आणि विचारलं तेव्हा बोललो नाही."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. सबंध खोली बघायला लागली. बाबूचे कान तांबडे झाले, आणि मग तो पुटपुटला, "हो. मीच लिहिलं. न तपासता." त्याला ते जड गेलं. मला तीस वर्षं जड गेलं, त्यानं पाच मिनिटांत उरकलं; तेवढ्यापुरता तो माझ्याहून बरा.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "उशीर केलात."

"हो."

"फार घाण वाटत होती हो मला तुमची. इतकी वर्षं एका टेबलाशी काम केलं, पण वाटायची."

"अजून?"

"गाडी ओढा," ती म्हणाली. "दुपारचे गठ्ठे पडलेत."

सहा महिन्यांनी चष्मेवालीची तपासणी झाली. फौजबिज काही नाही, रक्त स्वच्छ. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. त्या आनंदात बाबू मिठाईचा मोठा पुडा घेऊन धुलाईत आला. वर मोठ्या साहेबांनी त्याला शाबासकी दिली होती म्हणे, रकान्यांची मोहीम राबवल्याबद्दल. मोहीम! वहिनीनं पुड्याकडे पाहिलं, मग त्याच्या नखांकडे पाहिलं.

"ती चष्मेवाली सुटली ती तिच्या नशिबानं," ती म्हणाली. "तुझी मिठाई कशाची? ने ती. आणि पुन्हा कुठला रकाना रिकामा राहिला तर राहू दे. साहेब ओरडला तर माझ्याकडे पाठव."

तो पुडा तसाच टेबलावर ठेवून सटकला. कोणी हात लावेना. शेवटी घडीवालीनं दोरा सोडला, एक तुकडा तोंडात टाकला, आणि गाल फुगवून म्हणाली, "वहिनी, गोड आहे हो खरंच."

"खा तू," वहिनी म्हणाली. "तुझं काय चुकलंय?"